मयताला हात कोण लावतो? (अंत्यविधी, जात, धर्म वगैरे)

बांधावरचा
मंडळी, विषय जड आहे, ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरा, राग नाही.

आमच्या उदगीरकडं लिंगायत समाज भरपूर. परवा शेजारचे आप्पा गेले. त्यांच्यातल्या मातीला लहानपणापासून जातोय पण दरवेळी मागं उभं राहून परत यायचो, या वेळी शेवटपर्यंत थांबलो. आप्पांना भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलेलं, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, डोक्याला फेटा, गळ्यात हार, समोर भजन चालू. मग फुलांनी सजवलेल्या विमानात तसंच बसवून वाजतगाजत नेलं. खड्ड्यात एका अंगाला कोनाडा काढलेला होता, त्यात बसवलं, इष्टलिंग (लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटं लिंग) डाव्या तळहातावर ठेवलं, जंगमांनी, म्हणजे त्यांच्या पुरोहितांनी, त्यांचं काय ते म्हटलं, बेल आणि भस्म पडलं आणि मग माती. घरी आल्यावर त्यांच्यात सुतक नाही. म्हणजे खरंच नाही, संध्याकाळी देवापुढं दिवा लागला.

आणि आमच्यात? मयतीहून आलं की दारातच आंघोळ, अंगावरचे कपडे बाहेरच भिजवायचे, भावकीतलं असेल तर दहा दिवस देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. त्यांचं घर आणि आमचं घर यात एक भिंत आहे फक्त.

आपण कायम जाळणं की पुरणं यावरच बोलत बसतो. मला वाटतं खरी गोम वेगळीच आहे. मेलेल्या माणसाला हात कोणी लावायचा, आणि ज्यानं लावला त्याला नंतर समाज कसं वागवतो, हे बघितलं की त्या समाजाचं बरंचसं कळतं. तुमच्याकडं काय पद्धत आहे ते लिहा. भांडू नका, आणि भांडलात तरी निदान माहिती देऊन भांडा.

आमसूल
चांगला धागा. आमच्यात याचं उत्तर पटकन सापडतं आणि ते कोणाला आवडत नाही.

मी कोकणातली, ब्राह्मण घरातली. दहनापासून तेराव्यापर्यंतचं सांगणारे गुरुजी वेगळे असायचे, किरवंत. लग्नामुंजीला त्यांना बोलवायचे नाहीत, सोयरीक तर दूरच, सकाळी सकाळी रस्त्यात दिसले तरी लोक तोंड वाकडं करायचे. आणि घरात कोणी गेलं की पहिला निरोप त्यांनाच. माझी आजी म्हणायची त्यांच्यावाचून गावाचं मरण अडेल पण त्यांच्याशी बोलायला कोणी थांबणार नाही. म्हणजे ब्राह्मण असूनही मयताशी संबंध आला की ब्राह्मणांतलेच खालचे. जात जातीच्या पोटात कशी असते ते बघायचं असेल तर हे बघा.

आता शहरात असं उघड कोणी म्हणत नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं तयार केलेल्या स्त्री पुरोहितही हे विधी सांगतात. पण नेहमीचे गुरुजी "मी फक्त शुभकार्य करतो हो" असं फोनवर सांगतात ना, ते त्याच जुन्या गोष्टीचं सुधारलेलं रूप.

कट्टाबहाद्दर
हे सगळे पोट भरायचे धंदे आहेत. मेल्यावर काही नसतं. देहदान करा, विषय संपला.

आमसूल
@कट्टाबहाद्दर, देहदान उत्तमच, माझा स्वतःचा फॉर्म भरून झालाय. पण विषय संपत नाही. देहदान केलेल्या घरातसुद्धा दहाव्या दिवशी नातेवाईक "मग घाटावर काहीच नाही का?" विचारतात आणि मग कोणीतरी गुपचूप भात शिजवतं.

घाटाचं निघालंच आहे तर सांगते. पुण्यात ओंकारेश्वरापाशी आमच्या मावशीचा दहावा. पिंड मांडलेले, कावळे समोरच्या झाडावर आठ-दहा तरी, पण एक खाली येईना. काका म्हणाले तिला चहा आवडायचा, चहा ठेवला. मग भजी आणली. मग धाकटा मावसभाऊ पुढं होऊन हात जोडून म्हणाला "आई, ताईच्या बाळंतपणाचं आम्ही सगळं बघू, तू काळजी करू नको." सगळे झाडाकडं बघतायत. गुरुजी घड्याळाकडं, कारण मागं दुसरी दोन कुटुंबं ताटकळत होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आणि आम्ही पाठ फिरवली तसे सगळे कावळे खाली, भज्यांवर. हसावं की रडावं कळेना, पण ते वाक्य चारचौघांत बोललं गेलं ना, त्यामुळं ताईच्या बाळंतपणात कोणीही मागं हटलं नाही. मी काही श्रद्धाळू बाई नाही, पण सगळ्या भावकीसमोर जबाबदाऱ्या जाहीर करायची याहून चांगली सोय मला माहीत नाही.

फक्तवाचक
कावळ्याचा किस्सा भारी. आमच्याकडं काकूनं तंबाखूची चंची ठेवली होती आजोबांसाठी. लगेच शिवला.

निळीशाई
मूळ प्रश्नाकडं येतो. "हात कोण लावतो" याचं गावगाड्यातलं उत्तर ठरलेलं होतं. मयत झालं की आसपासच्या गावांत पाहुण्यांना सांगावा पोचवायचा महारानं, ऊन असो पाऊस असो, पायी. सरणाची लाकडं पोचवायची. त्याबदल्यात प्रेतावरचं कापड त्याचं. याला लोक "हक्क" म्हणायचे! बाबासाहेब महार वतन (गावकीच्या असल्या कामांच्या बदल्यात मिळणारी जमीन आणि हक्क) सोडा म्हणून जीव तोडून सांगत होते त्यात हेही आलं. बाकी कुंभारानं मडकं द्यायचं, बुरुडानं कळक, न्हाव्यानं दहाव्याला डोकी भादरायची. एका मरणाला अख्खं गाव राबायचं, पण हक्क म्हणून मेलेल्याच्या अंगावरचं कापड फक्त आम्हालाच. आणि मसणजोगी म्हणून जी जमात आहे त्यांचं तर घरच मसणवट्यात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही स्पष्ट प्रतिज्ञा आहे. पुढं दोन महिनेही झाले नाहीत आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ तारखेला दादर चौपाटीवर चितेसमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून प्रचंड जनसमुदायानं धम्मदीक्षा घेतली. जगात कुठं अंत्ययात्रेत लोकांनी असा धर्म बदललेला मला तरी माहीत नाही. आज तिथं चैत्यभूमी आहे.

आता आमच्याकडं त्रिसरण पंचशील, पांढरे कपडे, नंतर पुण्यानुमोदन आणि जलदान विधी. कावळा नाही, दर्भ नाही, सुतक नाही. भंतेजी नसले तर बौद्धाचार्य असतात, तेही नसले तर गल्लीतला कोणीही पुस्तक बघून म्हणू शकतो, माझ्या बहिणीनं म्हटलंय. तरी खेड्यात अजून एखादी म्हातारी पदराआडून पाण्याचं मडकं फोडायला लावतेच, आणि तरुण पोरं मग तिच्यावर चिडतात. मी नाही चिडत. तिला तेवढं करू द्यावं.

पण स्मशान मात्र अजून कितीतरी गावांत वेगवेगळं आहे. "आमचं", "तुमचं". तिथं प्रतिज्ञा चालत नाही, तिथं ग्रामपंचायत लागते.

बांधावरचा
निळीशाई, प्रतिसाद फार आवडला. आमच्या गावातही दोन शेड आहेत. एकाला पत्रा आहे, दुसऱ्याला नाही. कोणत्या शेडला नाही ते सांगत बसत नाही.

रत्नागिरीकर
आमच्या कोकणी मुसलमानांचं सांगतो. आमच्यात मय्यतला हात लावणं हे सवाबचं काम, पुण्य म्हणा हवं तर. गुस्ल, म्हणजे मयताची आंघोळ, घरच्यांनीच द्यावा असं मानतात, बापाला मुलानं, आईला मुलीनं किंवा सुनेनं. मशिदीतला माणूस शेजारी उभा राहून सांगतो पण हात आपला.

माझ्या अब्बांना मीच दिला. बोरीची पानं उकळलेलं कोमट पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. पोटावरून हलकेच हात फिरवायचा, मग वुजू (नमाजेआधी हातपाय-तोंड धुतात तसं), मग उजव्या बाजूनं सुरू करून आंघोळ. अंगावर कापड कायम, त्याच्या खालून हात घालूनच धुवायचं. आयुष्यात ज्या माणसाच्या समोर मी आवाज चढवला नाही त्याची पाठ पहिल्यांदा तेव्हा धुतली. खांद्यामागं एक जुना व्रण होता, कशाचा ते मला माहीतच नव्हतं. आता विचारणार कोणाला.

मग कफन, पुरुषाला ३ कपडे, बाईला ५. जनाजाची नमाज उभ्यानंच, त्यात रुकू (वाकणं) नाही सजदा (माथा टेकणं) नाही, ४ तकबीर, म्हणजे चारदा "अल्लाहू अकबर". कब्रीत जवळचेच उतरतात, तोंड किब्ल्याकडं म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, कफनाच्या गाठी सोडायच्या, वर फळ्या आणि मग प्रत्येकजण ३ मुठी माती. घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, आमच्याकडं तर खालच्या वाडीतल्या गुरवांकडून पेज आली होती.

तिसऱ्या दिवसाची जियारत (मयतासाठीची दुआ), चाळीसावा वगैरेवरून आमच्यातही वाद आहेतच, काहीजण म्हणतात हे इस्लाममध्ये नाही, काहीजण करतातच. आणि बायका सहसा कब्रस्तानात येत नाहीत. विधवेला इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायचा काळ, ४ महिने १० दिवस. त्यावर बोलायला आमच्यातली कोणी बाई इथं असेल तर तिनं लिहावं, मी लिहिणं बरं दिसत नाही.

बोरूबहाद्दर
@रत्नागिरीकर, वाचून थांबलोच. आमच्यातही आंघोळ घालतात पण चार माणसं घाईघाईत दोन तांबे ओततात आणि "चला, ॲम्ब्युलन्स आली".

नदीपल्याड
बायकांचा विषय निघाला म्हणून.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढं धरायचं मडकं) कोणी धरायचं यावरून वाद झाला. यशवंत दत्तक मुलगा, भाऊबंदांनी आक्षेप घेतला, कारण टिटवं धरणारा तो वारस. मडक्याचा प्रश्न म्हणजे सरळ इस्टेटीचा प्रश्न. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं, यात्रेच्या पुढं चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. बाई स्मशानात येतच नाही अशा काळात! जोतीरावांनी तर मृत्युपत्रात दहन न करता मिठात घालून पुरा असं लिहून ठेवलं होतं, त्याला परवानगी मिळाली नाही म्हणून दहन.

आजही खेड्यात भांडण अग्नी कोणी द्यायचा यावरच पेटतं, आणि ते मायेपोटी असतं असं मानायचा भोळेपणा मी सोडून दिलाय. मुली अग्नी देतात तेव्हा "किती छान" म्हणणारे काका सातबाऱ्यावर मुलीचं नाव लावायची वेळ आली की बहिणीला हक्कसोड लिहून द्यायला लावतात.

आणि दुसरं. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, हे करणाऱ्याही बायकाच असतात. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून हे बंद केलं आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तेच सांगितलं. कागदावर झालं. आमच्या शेजारच्या गावात ठराव होऊनसुद्धा गेल्या वर्षी एका पोरीच्या बांगड्या फोडल्या, सरपंच तिथंच खांदा द्यायला उभे होते. पण निदान तिची नणंद मध्ये पडली आणि मंगळसूत्राला हात लावू दिला नाही. ठरावाचा उपयोग एवढाच झाला की नणंदेला म्हणता आलं, "आता बंदी आहे याला."

कट्टाबहाद्दर
नणंदेला सलाम. बाकी माझं मत तेच.

खोदकाम
अवांतर वाटेल पण नाहीये. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. तिथले लोक मयताला गावाबाहेर नेतच नव्हते. घरातच जमिनीखाली किंवा अंगणात पुरायचे. लहान मूल असेल तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखालून तोडलेले! अभ्यासक म्हणतात की मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असावं. ते लोक लिहून काही ठेवून गेले नाहीत त्यामुळं अंदाजच.

एक अपवाद सापडला, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस, पाय शाबूत. कोणीतरी मानाचा असावा. बांधावरचा यांनी आप्पांचं बसणं वर्णन केलं तेव्हा मला आधी तो रांजण आठवला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल की लिंगायत पद्धत तीन हजार वर्षांची.

मुद्दा असा की "मयत अशुभ, त्याला लवकर बाहेर काढा" हे आपण सनातन समजतो, पण याच मातीत लोक पोराला चुलीपासून हातभर अंतरावर पुरून त्याच्यावर संसार करत होते. तिकडं विदर्भात जुनापाणी, माहुरझरीला शिळावर्तुळं आहेत, त्यात माणसाबरोबर घोडेही पुरलेत, दागिन्यांसकट. आणि गावोगावी देवळाच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेले दगड असतात ना, त्यातले कितीतरी वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा नेतायत, वर शंकराची पूजा. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. जाऊन बघा, फुकट आहे.

वसईची सून
आमच्यात चर्चची घंटा वाजली की कळतं कोणीतरी गेलं, ठोके वेगळे, संथ. मग फोन सुरू. पेटी, मिसा (चर्चमधली प्रार्थना), दफन, सातव्या दिवसाची मिसा, महिन्याची मिसा. २ नोव्हेंबरला सगळी दफनभूमी मेणबत्त्या आणि फुलांनी भरते, भांडलेले भाऊसुद्धा त्या दिवशी एका कबरीशी उभे राहतात, बोलत नाहीत, पण उभे राहतात.

जागा मात्र नाही. मुंबईत आणि आता इकडंही कबर कायमची नसते. काही वर्षांनी उकरतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, त्यालाही पैसे आणि वेटिंग. माझ्या सासूच्या वेळी हाडं काढायला घरचं कोणीतरी हजर लागतं म्हणून मी गेले, नवऱ्याला जमेना. कबर खणणारे दादा एकेक हाड ब्रशनं साफ करून पांढऱ्या कापडावर मांडत होते, भांडी लावावीत तसे क्रमानं. मला म्हणाले "बाय, यांचा गुडघा दुखायचा काय?" दुखायचा! शेवटची कितीतरी वर्षं. त्या दादांना आमच्या घरच्या लग्नात मात्र कधी बोलावलेलं आठवत नाही. बांधावरचा यांचा प्रश्न आमच्याकडंही लागू आहे तर.

चर्चनं १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. पण आमच्यातली जुनी माणसं ऐकतच नाहीत.

डोंगरउतार
मी ग्रँट रोडला वाढलो, शेजार पारशी. त्यांच्यात तर हात लावणाऱ्यांचा वेगळा वर्गच, नस्सेसालार. एकदा मयताचा विधी झाला की घरच्यांनीसुद्धा शिवायचं नाही. कुत्र्याला चेहरा दाखवतात, सगदीद म्हणतात. मागं चालणारे जोडीजोडीनं, मध्ये पांढरा रुमाल धरून, सगळे पांढऱ्या कपड्यांत. एवढी शिस्तीची अंत्ययात्रा मी दुसरी पाहिली नाही. पण त्या नस्सेसालारांना पूर्वी लोक आपल्यात बसवत नसत, राहायचेही वेगळे.

त्यांच्यात मयत जाळत-पुरत नाहीत, डुंगरवाडीच्या दोखम्यात गिधाडांसाठी ठेवतात. आणि मग गिधाडंच संपली. गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅक औषधानं, मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाच्या किडन्या निकामी. २००६ ला सरकारनं गुरांसाठी बंदी घातली पण तोवर सगळा खेळ झाला होता. डुंगरवाडीत सौर काचा बसवून बघितल्या, पावसाळ्यात त्यांचा काय उपयोग. २०१५ ला वरळीच्या स्मशानात पारशांसाठी प्रार्थनागृह झालं, सायरस मिस्त्री आणि नंतर रतन टाटा दोघांचंही दहन वरळीलाच झालं. बैलाच्या सांधेदुखीचं इंजेक्शन आणि त्यापायी एका धर्माचा हजार वर्षांचा विधी अडचणीत, हे कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर पटलं नसतं.

लेस्टरवासी
इकडं इंग्लंडात हात लावणारा पगारी. माणूस गेल्यावर कागदपत्रं, नोंदणी, मग स्मशानाचा स्लॉट, आठवडा-दोन आठवडे सहज जातात. तोवर मयत फ्युनरलवाल्याच्या शीतगृहात. त्यामुळं तिसरा, दहावा कुठून मोजायचा यावरून भारतातल्या काकांशी फोनवर वाद ठरलेला.

पण इथल्या गुजराती आणि मराठी लोकांनी एक चांगलं केलंय, घरच्यांना आंघोळ घालायला आणि कपडे नेसवायला वेळ मागून घेतात. भारतात ज्या मुलींना दारातून मागं फिरवलं असतं त्या इथं आईला नऊवारी नेसवतात. मग पेटी, अर्ध्या तासाचा स्लॉट, त्यात श्लोक, पसायदान, आणि मोठा मुलगा बटण दाबतो. अस्थी लेस्टरजवळच्या सोअर नदीत, बोटीतून. उघड्या चितेसाठी देवेंदर घई कोर्टात गेले होते, २०१० ला अपील कोर्टानं सांगितलं की भिंती असलेल्या, वरून उघड्या इमारतीत ते कायद्यात बसू शकतं. पण माझ्या ओळखीतले सगळे बटणवालेच.

पालिकावाला
पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावीघ्यावी. सगळं वाचलं. स्मशानातल्या कर्मचाऱ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे वडील एका शहराच्या विद्युतदाहिनीवर होते, निवृत्त झाले. आम्हाला शाळेत सांगायला लावायचे "बाबा पालिकेत आहेत", कुठल्या खात्यात ते नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीत पण तेच सांगितलं गेलं आणि नंतर कळल्यावर सासरे वर्षभर आमच्याकडं जेवले नाहीत.

ते सांगायचे, लाकडावर ३०० किलोच्या आसपास लाकूड लागतं आणि कवटी फुटेपर्यंत घरचे थांबतात, गॅसवर किंवा करंटवर मात्र दार बंद झालं की लोकांना काय करावं कळत नाही. उभेच राहतात. मग वडील स्वतः पुढं होऊन म्हणायचे "झालं, आता पाय धुवून घ्या, राख सकाळी आठला मिळेल." असं म्हणायला त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कोविडच्या वर्षात घरचे गेटच्या बाहेर आणि आत फक्त हे लोक. तेव्हा धर्म कुठला ते बॅगेवरच्या चिठ्ठीवरून कळायचं, आणि वडील चिठ्ठी वाचून ज्याला जे जमेल ते म्हणायचे, राम म्हणायचे, बुद्धं सरणं म्हणायचे, नाव वाचून.

तेव्हा टाळ्या वाजवल्या लोकांनी. हातमोजे मात्र आम्हीच विकत आणायचो.

आमसूल
@पालिकावाला, वडील आहेत ना? त्यांना विचारून वेगळा धागा काढा, अगदी त्यांच्या शब्दांत.

पालिकावाला
आहेत ताई. बोलत नाहीत फारसे या विषयावर. विचारतो.

बांधावरचा
विचारा नक्की. आणि मसणजोग्यांबद्दल कोणाला आतून माहिती असेल तर अजून लिहा, धागा चालू राहू दे. लिंगायतांच्या तिसऱ्या दिवसाचं कोणीतरी विपूत (विचारपूस, खाजगी निरोपात) विचारलंय, ते आप्पांच्या मुलाला विचारून उद्या टाकतो.